चूल पेटण्याचा दिवस आधी ठरवा

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण जुनी आहे, पण खरी आहे. तिला आम्ही आणखी एक शेपूट जोडतो. स्वयंपाकघर पाहावे दुरुस्त करून!

माजघराची भिंत पाडली, तर पडवीत झोपता येते. पडवी मोडली, तर माजघरात बसता येते. पण स्वयंपाकघर मोडले, म्हणून भूक थांबत नाही. सकाळी पेज लागते. दुपारी भात आणि कालवण लागते. रात्री पुन्हा चूल पेटवावी लागते. म्हणून घरातल्या सगळ्या कामांत हे काम अवघड.

वाचकहो, हे काम किती दिवसांचे, कधी सुरू करावे आणि कधी संपवावे, हे या पाठात पाहू. आधी आमची फजिती सांगतो. म्हणजे तुमची होणार नाही.

आमची फजिती

आमचे घर मालवण तालुक्यात, खाडीपासून थोडे आत आहे. स्वयंपाकघर आजोबांच्या वेळचे. भिंती चिऱ्याच्या, पण मातीत बांधलेल्या. जमीन शेणाने सारवलेली. चूल खाली. गॅस आला, तोही खालीच एका पाटावर मांडला. ऊठबस करून आमच्या सौ.चे गुडघे धरले. तेव्हा ओटा बांधायचा, फरशी घालायची, खिडकी मोठी करायची, असे आम्ही ठरवले.

२०२१ सालच्या एप्रिलच्या आरंभी कामाला हात घातला. गवंडी म्हणाला, "मास्तरांनू, म्हयन्याभरात होतला. पावस येवक अजून खूप येळ आसा." आम्ही मान डोलावली. कागदावर काही लिहिले नाही.

एप्रिलच्या मध्यावर कोरोनाचे निर्बंध कडक झाले. माणसे येईनात. वाळू येईना. मे महिना उजाडला. छपराची कौले उतरून खळ्यात रचलेली होती. वर नुसते वासे होते.

१६ मे २०२१, रविवार. त्या दिवशी तौक्ते नावाचे वादळ आपल्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. वाचकांपैकी पुष्कळांना तो दिवस आठवत असेल. माड पडले. विजेचे खांब पडले. आमच्या वाशांवर बांधलेली ताडपत्री पतंगासारखी उडाली. रात्रभर पाऊस आत पडत होता. सिमेंटची पाच पोती भिजून दगड झाली. कणगीतले भात भिजले. मातीतली भिंत एका बाजूने खचली.

पुढे सारा पावसाळा सौ.नी पडवीत तीन दगडांवर चूल मांडून रांधले. लाकडे ओली, वारा समोरून, धूर डोळ्यांत. गणपतीचे मोदकही तिथेच वळले.

दोष कोणाचा? वादळाचा म्हणावा, तर मे महिन्यात छप्पर उघडे कोणी ठेवले? गवंड्याचा म्हणावा, तर त्याला तारीख कोणी लिहून दिली? चूक आमची होती. आम्ही सारी नोकरी शाळेचे वेळापत्रक केले. कोणता तास कधी सुरू होईल आणि कधी संपेल, हे आम्ही फळ्यावर लिहीत होतो. घरच्या कामाचे वेळापत्रक मात्र केले नाही.

एकदा धुरात बसल्या बसल्या सौ. म्हणाल्या, "चूल कधी पेटवूची, ता आधी ठरवा. भिंत कधी पाडूची, ता मगे बघूया."

या एका वाक्यात सारा पाठ आला.

उलटे मोजावे

आपण बहुधा सरळ मोजतो. आज काम सुरू करू, होईल तेव्हा होईल, असे म्हणतो. हे चुकीचे आहे. शेवटचा दिवस आधी धरावा आणि तिथून मागे मोजत यावे.

ही रीत आपल्याला नवी नाही. लग्नाचा मुहूर्त ठरला, की आपण मागे मोजतो. आदल्या दिवशी हळद. त्याआधी मांडव. त्याआधी पत्रिका. शेतकरीही असेच करतो. भाताचा तरवा साधारण २१ ते २५ दिवसांचा झाला, की लावणी करतात. म्हणून लावणी कधी हवी ते पाहून पेरणी धरतात. शेतात जे आपण करतो, ते घरात का करू नये?

आपल्या किनाऱ्याचे पंचांग

शेवटचा दिवस कोणता धरावा? आपल्याकडे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हे पाणी वाहून न जाता साचले असते, तर जवळजवळ दहा फूट उंच झाले असते! अशा पावसात छप्पर उघडे ठेवता येत नाही.

पाऊस सात जूनला येतो, असे आपण धरून चालतो. पण तो आपल्या कागदावर चालत नाही. २०२३ साली मोसमी पाऊस दक्षिण कोकणात ११ जूनला पोचला. २०२५ साली तो २५ मे रोजीच देवगडपर्यंत आला. दोहोंत १७ दिवसांचे अंतर आहे. म्हणून पावसाआधी पंधरा दिवस आहेत, हा हिशोब धरू नये.

शिवाय एप्रिल-मे महिन्यांत स्वयंपाकघर मोकळे नसते. मसाला करायचा असतो. आमसुले वाळवायची असतात. सुकी मासळी भरून ठेवायची असते. मुंबईचे चाकरमानी याच दिवसांत येतात. आणि विहिरीचे पाणीही याच दिवसांत खाली जाते. सिमेंटच्या कामाला भरपूर गोडे पाणी लागते. पिण्याला पाणी पुरत नाही, तिथे भिंतीला कुठून घालणार?

म्हणून आमचे सांगणे असे. चूल मार्चअखेर पेटलीच पाहिजे. त्याहून आधी पेटली, तर फारच चांगले.

काम सुरू करायला उत्तम वेळ तुळशीच्या लग्नानंतरची. भातकापणी झालेली असते. पाऊस सहसा गेलेला असतो. विहिरीला पाणी असते. तरी सहसा या शब्दाकडे लक्ष द्यावे. २०१९ साली ऑक्टोबरच्या अखेरीस क्यार वादळ आपल्या समुद्रातून गेले आणि उभे भात भिजले. म्हणून हिवाळ्यातही ताडपत्री घरात हवी.

मालवणच्या माणसाला एक जुना दाखला देतो. सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम १६६४ सालच्या नोव्हेंबरात सुरू झाले आणि १६६७ साली पुरे झाले. शिवरायांच्या किल्ल्याची सुरुवात पाऊस सरल्यावर झाली. आपले तर एक स्वयंपाकघर!

भिंत पाडण्याआधी

पुढील गोष्टी भिंतीला हात लावण्याआधी कराव्यात.

एक. भावांना विचारावे. आपल्याकडे घरे वडिलोपार्जित असतात. एक भाऊ गावी, दोन मुंबईला. मागून बोलाचाली होण्यापेक्षा आधी बोललेले बरे. गणपतीला सगळे घरी येतात. आरती झाली, की बसून ठरवावे. ठरले ते लिहावे आणि सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात.

दोन. ग्रामपंचायतीत विचारावे. आतली फरशी बदलणे वेगळे आणि खोली वाढवणे वेगळे. समुद्र आणि खाडीजवळच्या घरांना किनारपट्टीचे निराळे नियम आहेत. परवानगी लागत असेल, तर तिला वेळ लागतो. तो वेळ पावसाळ्यात जाऊ द्यावा.

तीन. जी बाई तिथे उभी राहणार, तिला विचारावे. ओट्याची उंची गवंड्याने ठरवायची नसते. बाईला उभे करावे. हात कोपरात वाकवायला सांगावा. कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओट्याची वरची बाजू यावी. उंच ओट्याने खांदे दुखतात, बुटक्या ओट्याने कंबर दुखते. पाणी कुठे, उजेड कुठून, मासळी कुठे धुवायची, पाटा-वरवंटा कुठे राहील, हेही तीच सांगेल.

चार. गॅसची जागा ठरवावी. टाकी जमिनीवर उभी असावी. शेगडी तिच्याहून उंच असावी. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला, तर खाली साचतो. म्हणून टाकीच्या कप्प्याला तळाशी हवा जायला वाट ठेवावी. ओटा बांधून झाल्यावर ही वाट करणे कठीण जाते.

पाच. तात्पुरती चूल आधी मांडावी. पडवीत वारा न लागणारा कोपरा पाहावा. गवताची उडवी जवळ नको. पाण्याची सोय हवी. मांजर न शिरेल असे फडताळ हवे. या चुलीवर दोन दिवस रांधून पाहावे. नीट जमले, तरच जुन्या स्वयंपाकघराला हात लावावा.

दिवसांचा कागद

आता कागद आणि पेन्सिल घ्या. खोली दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब आहे, असे धरू. कामे अशी लिहा.

तात्पुरती चूल मांडणे – २ दिवस
सामान हलवणे, छप्पर उतरून दुरुस्त करणे – ७ दिवस
जुनी जमीन आणि खिडकी फोडणे – ३ दिवस
पाण्याचे नळ, सांडपाणी आणि विजेच्या नळ्या – ४ दिवस
चिऱ्याचे बांधकाम, ओट्याची लादी ओतणे – ४ दिवस
लादीवर पाणी मारणे – १० दिवस
भिंतींना गिलावा – ३ दिवस
गिलाव्यावर पाणी मारणे – ७ दिवस
ओट्याचा दगड आणि फरशी बसवणे – ५ दिवस
फरशीवर पाऊल न ठेवणे – ३ दिवस
नळ, मोरी आणि दिवे तपासणे – २ दिवस
रंग – ४ दिवस

बेरीज करा. ५४ दिवस होतात. पण इथे थांबू नका. ५४ चा तिसरा हिस्सा १८. हे १८ दिवस अडचणींसाठी राखून ठेवा. एकूण ७२ दिवस झाले.

राखीव दिवस कशाला? कोणी आजारी पडतो. वाळूची गाडी येत नाही. गवंड्याच्या गावची जत्रा असते. आंगणेवाडीच्या जत्रेची तर तिथी ठरलेली नसते. देवीचा कौल झाल्यावर दिवस कळतो. शिमग्यात कामकरी माणूस आपल्या घरी जाणारच. त्यात त्याचा दोष नाही. ते दिवस आपण धरले नाहीत, हा आपला दोष.

कामाचा क्रम दोन वाक्यांत ध्यानात ठेवावा. वरचे आधी, खालचे नंतर. भिंतीच्या आतले आधी, भिंतीवरचे नंतर. फरशी आधी घातली आणि मग छप्पर उतरले, तर कौल पडून फरशी फुटते. गिलावा आधी केला आणि मग नळ आठवला, तर गिलावा फोडावा लागतो. सांडपाण्याच्या नळीला फुटामागे पाव इंच उतार द्यावा. फरशीखाली जाण्याआधी तिच्यातून दोन बादल्या पाणी सोडून पाहावे.

पाणी मारायचे दिवस खाऊ नयेत

काम मागे पडले, की माणूस पहिली काटछाट पाण्याच्या दिवसांत करतो. ते दिवस त्याला रिकामे वाटतात. कोणी गवंडी नाही, कोणी मजूर नाही, नुसते पाणी मारायचे. पण तसे नाही. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी मिळून घट्ट होते. पाणी आटले, की ते घट्ट होणे थांबते. मग तडे जातात, गिलावा पोकळ वाजतो. आजकाल बाजारात मिळणारे सिमेंट बहुधा राख मिसळलेले असते. त्याच्या लादीला निदान दहा दिवस ओल हवी. ओली पोती अंथरून वर पाणी मारले, की ओल टिकते.

सामान कधी आणावे

सगळे सामान एकदम आणू नये. चिरे आणि लाकूड लवकर आणावे. पावसाळ्यात चिरेखाणी बंद असतात. शिवाय खाणीतून नुकताच काढलेला चिरा मऊ असतो. उघड्या हवेत तो टणक होत जातो. लाकूडही मुरलेले हवे, नाही तर दार पुढे वाकते.

सिमेंट उशिरा आणावे. तीन महिन्यांहून जुने सिमेंट जोर धरत नाही. पोती जमिनीवर ठेवू नयेत, फळ्यांवर ठेवावीत. भिंतीला टेकवू नयेत.

वाळू पावती घेऊनच घ्यावी. खारट वाळू घेऊ नये. तिच्यातल्या मिठाने आतली सळई गंजते आणि भिंतीवर पांढरे फुटते. पारख सोपी आहे. मूठभर वाळू भांडाभर गोड्या पाण्यात ढवळावी आणि त्या पाण्याची चव पाहावी. खारट लागली, तर गाडी परत पाठवावी.

पैसेही कामाबरोबर द्यावेत. छप्पर झाले, एक हप्ता. लादी ओतली, दुसरा हप्ता. दहावा हिस्सा शेवटपर्यंत हाती ठेवावा. नळ गळत नाही, मोरी तुंबत नाही, हे आठ दिवस पाहावे आणि मग तो द्यावा. हे आधीच बोलून लिहून ठेवावे. कामकऱ्याचे कष्टाचे पैसे अडवून ठेवणे हे पाप आहे. पण काम होण्याआधीच सगळे देऊन टाकणे हा वेडेपणा आहे.

मग आमचे काय झाले?

त्याच साली तुळशीचे लग्न झाल्यावर आम्ही पुन्हा काम काढले. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. बाळंतिणीला वेळेवर ऊन पाणी लागते, मऊ भात लागतो, ऊब लागते. ओल्या पडवीत हे होण्यासारखे नव्हते. म्हणून २ फेब्रुवारी २०२२ ला चूल पेटवायची, हे पहिल्या ओळीत लिहिले. तिथून ७२ दिवस मागे मोजले. २२ नोव्हेंबर २०२१ निघाला. त्या दिवशी कामाला सुरुवात केली.

गवंडी तोच होता. त्याला कागद वाचून दाखवला. तो हसला आणि म्हणाला, "ह्या बरा केलास मास्तरांनू. आता माका पण कळता, खंयच्या दिवशी येवचा ता."

अडचणी आल्याच. डिसेंबरच्या आरंभी अवकाळी पाऊस पडला, दोन दिवस गेले. वाळूला पाच दिवस उशीर झाला. गवंड्याच्या नात्यात लग्न निघाले, तीन दिवस गेले. एकूण १० दिवस गेले. पण राखीव दिवस १८ होते. ६४ दिवसांत काम पुरे झाले. २५ जानेवारीला नव्या ओट्यावर पहिले दूध उतू घातले. आठ दिवस हाती उरले, ते भिंती सुकायला आणि रंगाचा वास जायला उपयोगी पडले. लेक आली, तेव्हा घरात धूर नव्हता.

तो कागद आम्ही पडवीच्या खांबाला चिकटवला होता. सौ. चौथी शिकलेल्या. रोज संध्याकाळी झालेल्या कामापुढे त्या पेन्सिलीने खूण करीत. राहिलेल्या कामाबद्दल गवंड्याला दुसऱ्या दिवशी त्याच विचारीत. आम्हाला बोलावेच लागले नाही.

वाचकहो, तुम्ही अक्षरे शिकलात. अंक शिकलात. ते पोथी वाचायला आहेत, पत्र लिहायलाही आहेत. पण घरातल्या माणसाचे कष्ट वाचवायलाही आहेत. बारा ओळींचा कागद लिहायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास आम्ही वाचवला आणि घरच्या बाईने सारा पावसाळा धुरात काढला. तुम्ही तसे करू नका.

ध्यानात ठेवा

१. चूल पेटण्याचा दिवस आधी ठरवा. तिथून मागे मोजा.
२. दिवसांच्या बेरजेत तिसरा हिस्सा मिळवा.
३. तात्पुरती चूल पेटल्याशिवाय जुनी मोडू नका.
४. पाणी मारायचे दिवस कमी करू नका.
५. मार्चनंतर छप्पर उघडू नका.

प्रश्न

१. मे महिन्यात स्वयंपाकघराचे काम का काढू नये? तीन कारणे सांगा.
२. ओट्याची उंची कोणाला विचारून ठरवावी? ती कशी मोजावी?
३. एका कामाला ३० दिवस लागतात. राखीव दिवस किती धरावेत? एकूण किती झाले?

करून पाहा

तुमच्या घरात कोणती दुरुस्ती करायची आहे? न्हाणीघर, गोठा, विहिरीचा कठडा, काहीही असेल. ती ज्या दिवशी पुरी व्हायला हवी, तो दिवस कागदाच्या वरच्या ओळीत लिहा. खाली कामे आणि दिवस लिहा. बेरीज करा. मागे मोजा. मग तो कागद घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा.